पट्टीतला एक पैसा आणि संगणकाचे पाऊल

संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

कापूस आणि सोयाबीनचा हंगाम लागला की काटापट्टीवरचा (मालाचे वजन आणि रक्कम छापलेल्या पावतीवरचा) एक-दोन पैशांचा फरक पानठेल्यावर चर्चेला येतो. वजन गुणिले भाव हाताने केले तर शेवटी ३५ पैसे येतात, छापील पट्टीवर ३४ किंवा ३६. रक्कम किरकोळ, त्यासाठी कोणी भांडत नाही. पण विचारले तर 'कम्प्युटर तसेच काढते' असे उत्तर मिळते, आणि आमची हरकत त्या उत्तराला आहे. कम्प्युटरने कोणता आकडा धरला, त्याच्या मागे-पुढे कोणते आकडे मोकळे होते आणि त्याने हाच का धरला, हे शेवटच्या अंकापर्यंत सांगता येते. पत्र थोडे लांबेल. आकडे महत्त्वाचे आहेत, तेव्हा जागा कमी पडली तर आमची मते कापावीत, आकडे ठेवावेत.

धर्मकाट्यावर ट्रॉली चढवली की पडद्यावर २३४० येते. थोडा माल वाढला की एकदम २३५०. मधले २३४३ कधीच दिसत नाही. काट्याच्या पाटीवर 'ई = १० किलो' असे कोरलेले असते, ते त्याचे पाऊल. माल खरोखर २३४३ किलो असला तरी काट्याकडे तो दाखवायला जागा नाही, म्हणून तो जवळच्या २३४० वर जाऊन बसतो. काही काट्यांचे पाऊल ठरावीक वजनानंतर बदलते: आधी ५ किलो, पुढे १०. संगणकात दशांश आकडे ठेवायची जी सर्वत्र रूढ पद्धत आहे, फ्लोटिंग पॉइंट, ती या दुसऱ्या जातीच्या काट्यासारखी आहे. फक्त तिचे पाऊल पाटीवर लिहिलेले नसते आणि ते दर दुपटीला बदलते.

शेताच्या भाषेत सांगायचे तर, एकाला लागून एक अशी शेते आहेत. पहिले १ पासून २ पर्यंत, दुसरे २ पासून ४, तिसरे ४ पासून ८. प्रत्येक शेत मागच्याच्या दुप्पट रुंद, पण पेरलेले तास, म्हणजे ओळी, मात्र सगळ्यांत सारख्याच. साहजिकच पुढच्या शेतात दोन तासांमधले अंतर दुप्पट होते. आकडा तासावरच उभा राहू शकतो, मधल्या मोकळ्या पट्ट्यात नाही. 'सिंगल' नावाच्या ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवणारे एक घर) प्रकारात दर शेताला ८३,८८,६०८ तास असतात (२ चा २३ वा घात). 'डबल' या ६४ बिटांच्या प्रकारात २ चा ५२ वा घात, म्हणजे ४५ कोटी कोटींच्या वर. ही रचना आय ट्रिपल ई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ७५४ क्रमांकाच्या मानकाने १९८५ साली ठरवून दिली आणि २००८ व २०१९ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचे मुख्य शिल्पकार विल्यम काहान यांना संगणकशास्त्रातला १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. खिशातल्या मोबाइलपासून जिनिंगच्या ऑफिसातल्या जुन्या डब्यापर्यंत सगळे हाच नियम पाळतात.

पाऊल काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. आपल्या आकड्यापेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा २ चा घात घ्या आणि त्याला सिंगलसाठी ८३,८८,६०८ ने भागा. आकडा १,५३,०५२ असेल तर त्याच्याखालचा २ चा घात १,३१,०७२. भागाकार येतो एक चौसष्टांश, म्हणजे ०.०१५६२५ रुपये. दीड पैशाच्या वर! १,३१,०७२ रुपये ओलांडले की सिंगल प्रकारात लागोपाठच्या दोन आकड्यांत एका पैशापेक्षा जास्त अंतर पडते, आणि काही पैशांना जागाच उरत नाही. तीच रक्कम डबलमध्ये ठेवली तर एका पैशाचे ३४ कोटी भाग पडतील इतके बारीक पाऊल मिळते.

आता एक पट्टी जवळून पाहू. २०२४-२५ च्या हंगामातला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. माल २० क्विंटल ३५ किलो. हाताने गुणाकार केला तर १,५३,०५२ रुपये ३५ पैसे, एकही पैसा इकडे-तिकडे नाही. सिंगलमध्ये या रकमेच्या जवळच्या दोनच जागा आहेत: १५३०५२.३४३७५ आणि त्याला लागून १५३०५२.३५९३७५. दोन दशांश स्थळांपर्यंत छापल्या तर पहिली ३४ पैसे दाखवते, दुसरी ३६. पस्तीस पैसे या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पडतात.

कोणता शेजारी मिळेल हे गुणाकार कुठे झाला यावर ठरते. गुणाकार डबलमध्ये करून उत्तर शेवटी सिंगलच्या रकान्यात टाकले तर .३५ ला .३४३७५ जास्त जवळ आहे, म्हणून पट्टीवर ३४. गुणाकारच सिंगलमध्ये केला तर गंमत होते. २०.३५ हा आकडासुद्धा सिंगलमध्ये नेमका बसत नाही, तो २०.३५०००००३८ च्या आसपासच्या जागेवर जातो. त्या किंचित वाढीला ७,५२१ ने गुणले की गुणाकार १५३०५२.३५२८७ जवळ येतो, आणि आता वरचा शेजारी जवळचा ठरतो. पट्टीवर ३६. म्हणजे एकाच मालाच्या, एकाच भावाच्या दोन पट्ट्या दोन प्रोग्राममधून काढल्या तर त्यांच्यात दोन पैशांचा फरक येईल आणि हाताचा हिशेब दोघांशीही जुळणार नाही. यात कोणाची लबाडी नाही. रकाना चुकीचा निवडला, एवढेच.

रकाना निवडताना नाव फसवते, हे इथेच सांगून टाकू. 'फ्लोट' हा शब्द सी व जावा या प्रोग्राम लिहायच्या भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांत ३२ बिटांचा सिंगल असतो. पायथनचा फ्लोट मात्र ६४ बिटांचा डबल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नुसते 'फ्लोट' लिहिले तर तोही डबल, आणि सिंगल हवा असेल तर 'रिअल' लिहावे लागते. पायथनमध्ये तपासून पाहिलेला हिशेब मायएसक्यूएलच्या फ्लोट रकान्यात उतरवला की बारीक तास मोडून जाडे तास होतात, आणि चाचणीत कुठेही न दिसलेला पैसा हंगामात दिसतो.

शेजारचा आकडा शोधायची तयार सोय बहुतेक भाषांमध्ये आहे. तिचे नाव 'नेक्स्टआफ्टर'. तिला दोन आकडे द्यायचे: कुठून निघायचे आणि कोणत्या दिशेला जायचे. ती त्या दिशेचा अगदी पुढचा तास काढून देते. सी भाषेत १९९९ च्या मानकापासून ती मॅथ हेडरमध्ये आहे. जावात सहाव्या आवृत्तीपासून नेक्स्टआफ्टर आणि नेक्स्टअप, आठव्यापासून नेक्स्टडाउन. पायथनमध्ये ३.९ पासून मॅथ मॉड्यूलमध्ये नेक्स्टआफ्टर आणि पाऊल सांगणारे 'यूएलपी' असे दोन्ही आहेत, आणि ३.१२ पासून एका दमात किती तास ओलांडायचे तेही सांगता येते. डॉटनेटमध्ये हेच काम बिटइन्क्रिमेंट आणि बिटडिक्रिमेंट या नावांनी चालते. जावास्क्रिप्टमध्ये तयार काही नाही, हाताने करावे लागते.

हाताने करणेही सोपे आहे आणि विद्यार्थ्यांना तेच आधी शिकवावे असे आम्हाला वाटते. डबलच्या ६४ बिटांपैकी सर्वांत डावीकडचा बिट चिन्हाचा, पुढचे ११ घाताचे (कोणते शेत) आणि उरलेले ५२ तासाचा क्रमांक सांगणारे. शून्यापेक्षा मोठा आकडा घ्या, त्याचे ६४ बिट जसेच्या तसे एक पूर्णांक म्हणून वाचा, त्यात १ मिळवा आणि पुन्हा दशांश म्हणून वाचा. वरचा शेजारी हाती येतो. १ वजा केला तर खालचा. शेवटच्या तासावर असलो तर ५२ बिट भरलेले असतात, १ मिळवताच हातचा घाताच्या बिटांत जातो आणि आपण पुढच्या शेताच्या पहिल्या तासावर उभे राहतो. ट्रॅक्टरच्या मीटरवर ९९९ नंतर १००० येतात तसेच. घाताचे बिट डावीकडे ठेवण्यामागे हाच हेतू आहे: लहान-मोठेपणाचा क्रम पूर्णांकासारखाच राहावा.

एक प्रयोग कोणालाही करता येईल. ०.३ चे ६४ बिट सोळाच्या पायात (० ते ९ आणि पुढे ए ते एफ असे सोळा अंक) लिहिले तर ३एफडी आणि पुढे तेरा वेळा ३ असे दिसते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज लिहिली तर ३एफडी, बारा वेळा ३ आणि शेवटी ४. दोन्ही अगदी लागून. म्हणून 'शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन बरोबर शून्य पूर्णांक तीन आहे का' असे विचारले की संगणक 'नाही' म्हणतो. बेरीज एका तासाने पुढे पडलेली असते, बाकी काही नाही. याच्या उलट, ०.१ दहा वेळा मिळवले की उत्तर १ च्या खालच्या शेजाऱ्यावर थांबते, ०.९९९९९९९९९९९९९९९९ वर.

'१ मिळवा' ही युक्ती कुठे मोडते तेही सांगायला हवे, कारण नेटवरून उचललेल्या चार ओळींत नेमके तेच राहून गेलेले असते. ऋण आकड्यांची दिशा उलटी आहे: बिटांत १ मिळवला की आकडा शून्यापासून आणखी दूर जातो, म्हणून ऋण बाजूला वर चढायचे असेल तर १ वजा करावा लागतो. शून्याचे दोन अवतार आहेत, धन आणि ऋण. ऋण शून्याचा फक्त चिन्हाचा बिट लागलेला असतो, त्यात आंधळेपणाने १ मिळवला तर वर जाण्याऐवजी शून्याला सर्वांत जवळचा ऋण आकडा मिळतो. शून्याचा वरचा शेजारी २ चा उणे १०७४ वा घात, सुमारे ४.९४ गुणिले १० चा उणे ३२४ वा घात. सर्वांत मोठ्या आकड्यात १ मिळवला की अनंत येतो, ते बरोबरच आहे, पण अनंतात १ मिळवला की 'नॅन', म्हणजे आकडाच नव्हे, असे चिन्ह तयार होते. तेव्हा अनंत आणि नॅन आधी वेगळे काढावेत, मग शून्य हाताळावे, मग चिन्ह पाहावे आणि शेवटी बिटांना हात लावावा.

दुसरी गफलत जास्त आढळते. 'एप्सिलॉन' नावाचा तयार स्थिरांक असतो, २.२२ गुणिले १० चा उणे १६ वा घात. तो म्हणजे १ आणि १ चा वरचा शेजारी यांतले अंतर. फक्त १ चे! पुष्कळ जण तो कुठल्याही आकड्यात मिळवतात आणि शेजारी मिळाला असे समजतात. २ मध्ये मिळवला तर आकडा जागचा हलत नाही, कारण तिथे पाऊल दुप्पट आहे, आपण बरोबर अर्ध्यात अडकतो आणि नियमाप्रमाणे मागे येऊन पुन्हा २ वरच बसतो. ०.१ मध्ये मिळवला तर एकदम १६ तास ओलांडले जातात. शिवाय २ च्या प्रत्येक घाताशी दोन बाजूंची पावले वेगळी असतात, वरचे अंतर खालच्याच्या दुप्पट. तिथे धुरा, म्हणजे बांध आहे, अलीकडे बारीक पेरणी आणि पलीकडे जाडी.

सी मध्ये आणखी एक खड्डा आहे. नेक्स्टआफ्टर डबलसाठी आहे, सिंगलसाठी नाव वेगळे: शेवटी 'एफ' लावून नेक्स्टआफ्टरएफ. सिंगल आकडा चुकून पहिल्याला दिला तर तो आधी डबल होतो, डबलचे इवलेसे पाऊल पुढे जातो, आणि परत सिंगलच्या चलात ठेवताच मूळ जागी येतो. प्रोग्राम चालतो, इशारा येत नाही, आकडा मात्र हललेलाच नसतो. हे शोधताना दोन दशांश स्थळांपर्यंत छापून काहीच कळत नाही. डबल ओळखायला १७ सार्थ अंक छापावे लागतात, सिंगलला ९. एक्सेल १५ च दाखवते आणि वरून शून्याजवळचे उत्तर गुपचूप शून्य करते. एका घरात =०.५-०.४-०.१ लिहा, ० येईल. तेच कंसात टाकून १ ने गुणा, उणे २.७८ ई-१७ येईल. पडदा बाजूला झाला की खालचा तास दिसतो, तो असा.

रुपयांचे पैसे करताना सगळ्यांत जास्त नुकसान होते ते दशांश चिन्हापुढचा भाग टाकून देणाऱ्या 'इंट' ने कापण्यामुळे. ४.३५ ला १०० ने गुणले तर डबलमध्ये ४३४.९९९९९९९९९९९९९४ येते, म्हणजे ४३५ चा बरोबर खालचा शेजारी. तो इंटने कापला की ४३४ पैसे. १९.९९ गुणिले १०० चेही तसेच, १९९८ उरतात. कोणी तरी सुचवतो की कापण्याआधी नेक्स्टआफ्टरने एक तास वर ढकला. या दोन उदाहरणांत ते जमूनही जाते, पण शंभर ओळींच्या बेरजेत उत्तर कित्येक तास खाली सरकलेले असू शकते, तिथे एका तासाच्या धक्क्याने काय होणार? कापू नका, जवळच्या पूर्णांकाला न्या. नेहमी एकाच बाजूला कापण्याचा परिणाम कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने पाहिला आहे. जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला त्यांचा निर्देशांक दर सौद्यानंतर तिसऱ्या दशांश स्थळापुढे नुसता कापला जात होता. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो सव्वापाचशेच्या आसपास उतरला, आणि हिशेब नीट केल्यावर तो खरे तर १०९८ च्या वर असायला हवा होता असे निघाले.

दोन दशांश आकडे 'सारखे' आहेत का हे ठरवायची वेळ आली तर शेजारीपणाची मोजणी उपयोगी पडते. दोन्हींचे बिट पूर्णांक म्हणून वाचायचे, ऋण असतील तर क्रम लागेल असे उलटवायचे, आणि वजाबाकी करायची. मधे किती तास आहेत ते मिळते. दोन-चार तासांचा फरक असेल तर गणिताची धूळ समजावी, हजारोंचा असेल तर सूत्र तपासावे. ही पद्धत आकड्याच्या आकाराप्रमाणे आपोआप सैल-घट्ट होते, '०.००००१ पेक्षा कमी फरक' असा कुठलाही ठोकताळा तसा होत नाही. शून्याजवळ मात्र ती निरुपयोगी आहे. ०.१ + ०.२ - ०.३ चे उत्तर शून्यापासून केवळ ५.५५ गुणिले १० चा उणे १७ वा घात इतके दूर आहे, पण मधले तास मोजले तर ४३ हजार कोटी कोटींपेक्षा जास्त भरतात. शून्याशी तुलना असेल तर रुपया-किलोतला साधा फरकच बघावा. ठोकताळा लूपमध्ये (अट पुरी होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींत) टाकला तर आणखी एक प्रकार घडतो. पतसंस्थेच्या हप्त्याचा हिशेब अंदाज अर्धा-अर्धा करत काढणाऱ्या प्रोग्राममध्ये 'वरची आणि खालची मर्यादा यांतला फरक एका रुपयाच्या अब्जाव्या भागाहून कमी होईपर्यंत' अशी अट असते. ८३,८८,६०८ रुपयांच्या वर डबलचे पाऊलच १.८६ अब्जांश आहे. दोन्ही मर्यादा शेजारी-शेजारी येऊन उभ्या राहतात, मधला आकडा काढला की त्यांच्यापैकीच एक मिळतो, अट पुरी होत नाही आणि पडदा गोठू शकतो. छोट्या कर्जाला कधीच न अडणारा प्रोग्राम मोठ्या कर्जाला का अडतो, याचे एक कारण हे. मधला आकडा कोणत्याही मर्यादेइतका निघाला की थांबा, ही एक ओळ घातली की झाले.

पैशाचे सोडून द्या, धुऱ्याकडे येऊ, कारण तिथे माणसे खरोखर भांडतात. विदर्भाचे रेखांश ७६ ते ८१ अंशांत येतात. ६४ ते १२८ या शेतात सिंगलचे पाऊल अंशाच्या ७.६ दशलक्षांश भागाइतके. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर, म्हणजे पूर्व-पश्चिम पाऊल जवळजवळ ७९ सेंटिमीटर. अक्षांश २०-२१ च्या आसपास, तिथे उत्तर-दक्षिण पाऊल २१ सेंटिमीटर. मोबाइलच्या जीपीएसची चूकच काही मीटर असते, तिला याने काही बिघडत नाही. पण रोव्हर या मोजणीच्या यंत्राने सेंटिमीटरपर्यंत नेमका घेतलेला बिंदू कोणी सिंगलच्या रकान्यात साठवला तर धुरा जवळच्या तासावर सरकून बसतो, ४० सेंटिमीटरपर्यंत. महागडे यंत्र आणून मिळवलेला नेमकेपणा स्वस्त रकान्यात गेला. नकाशाच्या यूटीएम पद्धतीचे मीटरमधले आकडे वापरले तरी सुटका नाही: यवतमाळ-वर्ध्याच्या पट्ट्यात उत्तरेचा आकडा २२-२३ लाख मीटर भरतो आणि तिथे सिंगलचे पाऊल २५ सेंटिमीटर. निर्देशांक डबलमध्येच ठेवावेत. क्षेत्रफळ काढताना शेताचा एक कोपरा शून्य धरून बाकीच्या कोपऱ्यांतून तो आधी वजा करावा, म्हणजे मोठमोठ्या आकड्यांचे गुणाकार एकमेकांतून वजा होऊन खालचे अंक गळून पडत नाहीत.

परत पट्टीकडे. पैशासाठी आमचा सल्ला जुनाच आहे: रक्कम पैशांत, वजन किलोत किंवा ग्रॅममध्ये, सगळे पूर्णांक. डेटाबेसमध्ये डेसिमल रकाना, म्हणजे दशांश अंक जसेच्या तसे ठेवणारा. व्हिज्युअल बेसिकच्या जुन्या प्रोग्राममध्ये करन्सी नावाचा प्रकार आहे, तो आतून दहा हजारपट केलेला पूर्णांकच आहे, तोही चालेल. पूर्णांकाचे पाऊल १, कुठेही बदलत नाही. मात्र ३२ बिटांचा पूर्णांक घेऊ नका. त्याची कमाल २,१४,७४,८३,६४७, पैशांत मोजले तर सव्वादोन कोटी रुपयांच्याही आत. जिनिंगची एका दिवसाची खरेदी त्याला ओलांडू शकते. गुणाकार तर त्याआधीच फुटतो. भाव ७,५२,१०० पैसे क्विंटलला, त्याला किलोंनी गुणून १०० ने भागायचे. २८५५ किलोपर्यंत मधला गुणाकार मावतो, २८५६ किलोला मर्यादा ओलांडतो, आणि जावासारख्या भाषेत आकडा उलटून ऋण होतो. ६४ बिटांचा पूर्णांक घेतला की ही चिंता संपते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. १० किलोचे पाऊल असलेल्या काट्यावर वजन जवळच्या दहा किलोला बसताना ५ किलो इकडे-तिकडे होऊ शकते, आणि ७५ रुपये किलोने ते पावणेचारशे रुपये होतात. पैशाच्या फरकापेक्षा तो फरक कितीतरी मोठा. पण तो पाटीवर कोरलेला असतो, शेतकऱ्याला वाचता येतो आणि वैधमापन विभागाचे त्यावर शिक्कामोर्तब असते. प्रोग्राम विकत घेताना मात्र त्याच्या पावलाबद्दल कोणी विचारत नाही. खरेदी केंद्रे, सेवा सहकारी सोसायट्या, दूध संकलन केंद्रे यांनी खरेदीच्या अटींत दोन ओळी घालाव्यात: रकमा ६४ बिटांच्या पूर्णांकात किंवा डेसिमलमध्ये, निर्देशांक डबलमध्ये. आणि आमच्यासारख्यांनी वर्गात ०.१ + ०.२ दाखवून हशा पिकवण्यावर न थांबता मुलांना ६४ बिट कागदावर मांडून शेजारी काढायला लावावा. एका तासिकेचे काम आहे.

तोवर ऑपरेटरांनी आपल्या प्रोग्राममध्ये दोन खोट्या पट्ट्या काढून बघाव्यात, भाव दोन्हींना ७,५२१. पहिलीत वजन २० क्विंटल ३५ किलो. .३४ आले तर उत्तर सिंगलच्या रकान्यात साठवले जात आहे, .३६ आले तर गुणाकारच सिंगलमध्ये होतो आहे, .३५ आले तर दुसरी पट्टी काढावी, २८ क्विंटल ५६ किलोची. उत्तर २,१४,७९९ रुपये ७६ पैसे हवे. त्याऐवजी उणे २,१४,६९६ रुपये ९६ पैसे छापले गेले, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याने पूर्णांक घेतला पण ३२ बिटांचा घेतला.

आपले,
ग्रामीण महाविद्यालयात संगणक शिकवणारे काही अध्यापक
ता. आर्वी, जि. वर्धा